रिकामं बेट, राखलेलं बेट

सातबाऱ्यावर ज्या जमिनीत पीक निघत नाही तिची नोंद पोटखराबा अशी होते. खडक, ओढे, ओघळी, नाले सगळे त्यात मोडतात. ही नोंद मुळात आकारणीच्या सोयीसाठी होती, पण दप्तरातला तो शब्द कधीतरी आपल्या नजरेतही उतरला. जिथे पेरता येत नाही ती जमीन खराब आणि जिथे माणूस राहत नाही ती जागा रिकामी, असं आपण धरून चालतो. निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यात जी गाळाची बेटं उभी आहेत, त्यांच्याकडेही याच नजरेने पाहिलं जातं. कुणाला तिथे होड्या फिरवाव्याशा वाटतात, कुणाला गाळपेर करावीशी वाटते, कुणाला ती नदीच्या वाटेतली अडगळ वाटते. माझं म्हणणं वेगळं आहे. ही बेटं रिकामी नाहीत. ती आजवर माणसावाचून राहिली ती बऱ्याच अंशी योगायोगाने, आणि इथून पुढे योगायोगावर भागणार नाही. ती माणसावाचून ठेवायची असतील तर तसं आपणच ठरवलं पाहिजे आणि त्यापायी थोडं सोसायची तयारीही ठेवली पाहिजे.

मालेगावहून मनमाड, लासलगाव करत निफाडला उतरलं की गोदाकाठ जवळ येतो. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, ब्रिटिश राजवटीत, बंधारा बांधला गेला. गोदावरीचे डावा आणि उजवा हे कालवे काढून कोपरगाव, राहात्याकडच्या अवर्षणी पट्ट्याला पाणी द्यायचं, एवढाच त्यामागचा हेतू. पाणी कालव्यांनी पुढे गेलं, गाळ मात्र बंधाऱ्यामागे बसत राहिला. पावसाळ्यामागून पावसाळे तो साचला, त्यावर गवत धरलं, पाणकणीस वाढलं, बाभळी उभ्या राहिल्या. पाणी उथळ झालं, आणि पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो तोटा होता तोच पाखरांच्या कामी आला. १९८६ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आल्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आली. रामसरच्या नोंदीत इथल्या प्राणी-वनस्पतींच्या ५३६ जाती धरल्या आहेत. त्यात आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, अतिसंकटग्रस्त गणला गेलेला एक छोटासा मासाही आहे. भोवताली सगळा पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख, आणि मध्ये हा चौदा चौरस किलोमीटरचा ओला ठिपका.

दिवाळी सरली आणि निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की हे पाणी भरून जातं. थापटे, चक्रवाक, मोर शराटी, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या, आणि चिखलाच्या कडेने सुईसारखी चोच मारत पळणारे चिमणीएवढे छोटे टिलवे. हा टिलवा पार उत्तर ध्रुवाकडच्या सायबेरियातल्या टुंड्रात जन्मतो. हिवाळ्यातल्या या गर्दीचं कौतुक सगळ्यांना आहे, शनिवारी-रविवारी काठच्या चापडगावच्या मनोऱ्यांवर माणसं दुर्बिणी लावून उभी असतात. पण बेटांची खरी परीक्षा होळीनंतर सुरू होते, जेव्हा पाहुणी पाखरं उत्तरेला निघून जातात आणि बघायला येणारी माणसंही थांबतात. पाणी ओसरतं, उघडी बेटं वर येतात, आणि जी पाखरं आपलीच आहेत, बारा महिने याच मुलखात राहतात, त्यांचा विणीचा काळ सुरू होतो.

नदी सुरय हा पक्षी घ्या. काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. नदीवर भिरभिरत फिरतो आणि मासळी दिसली की दगड पडावा तसा पाण्यात सूर मारतो. तो झाडावर घरटं करत नाही. मार्च ते मे या काळात पाण्याने वेढलेल्या वाळूवर, गाळावर किंवा खडकावर जराशी खळगी करतो आणि तीत दोन-तीन अंडी घालतो. काडी नाही, गवत नाही. अंड्यांचा रंग वाळूचा, वर तपकिरी ठिपके. दोन हातांवर उभा असलेला माणूसही ती पाहू शकत नाही, पाय मात्र पडू शकतो. वैशाखात भर दुपारी ती वाळू अनवाणी पायाला सोसत नाही. त्या तव्यावर अंडं टिकतं, कारण आई-बाप आळीपाळीने त्यावर सावली धरून बसतात. मध्येच उडून पाण्याला पोट लावतात आणि ओल्या पिसांनिशी परत येऊन अंडी गार करतात. आता समजा एखादी होडी बेटाला लागली. उतरलेल्या मंडळींनी कशाला हातही लावला नाही, नुसते फोटो काढले. तेवढा वेळ सुरय डोक्यावर ओरडत घिरट्या घालणार आणि अंडी उन्हात उघडी राहणार. त्या उन्हाला फार वेळ लागत नाही. मंडळी जशी आली तशी निघून जातील, आपण काही मोडलं नाही याचं समाधान घेऊन, आणि मागे राहिलेल्या अंड्यांतून काही निघणार नाही. माणसाचं जाणं इथे उपद्रव ठरतं ते हेतूमुळे नाही, नुसत्या हजेरीमुळे. हा पक्षी २०२० पासून जागतिक लाल यादीत संकटप्रवण म्हणून धरला जातो, आणि त्याच्या कारणांत वाळूउपसा, धरणांतून अवेळी सुटणारं पाणी, कुत्री आणि माणसांचा वावर हीच नावं आहेत.

म्हणून बेटाचं मोल त्याच्या मातीत कमी आणि त्याच्याभोवतीच्या पाण्यात जास्त आहे. कुत्रं, कोल्हा, मुंगूस, गुराखी, होडी यांपासून ते जे अंतर राखतं, तेच त्याचं भांडवल. हे अंतर गेलं की काय होतं याचं उदाहरण दूर उत्तरेला, चीनच्या चिंगहाई सरोवरात आहे. आपल्याकडे जायकवाडीला, नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात जो पट्टकादंब येतो, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिमालय ओलांडणारा, त्या जातीचे हंस तिथल्या एका निर्मनुष्य बेटावर हजारोंनी अंडी घालत. बेटाचं नावच पक्ष्यांचं बेट. सरोवराची पातळी वर्षानुवर्षं उतरत गेली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बेट किनाऱ्याला जोडलं गेलं. मग ते नावापुरतं बेट राहिलं. मागोमाग पर्यटन वाढलं. अखेर २०१७ मध्ये तिथल्या प्रशासनाने पर्यटकांसाठी ते बंद केलं. तिथे घरटं करणारा प्रत्येक कादंब नाशकात येतो असा दावा मी करत नाही. पण मध्य आशियात पिल्लं वाढवायची आणि हिवाळा भारतात काढायचा हा या जातीचा परिपाठ आहे, आणि मंगोलियात गळ्यात खुणेचा पट्टा घातलेले कादंब कर्नाटकातल्या तळ्यांवर सापडले आहेत. उत्तरेचं बेट आणि दख्खनचं बेट ही एकाच पाखराची दोन घरं. एक मोडलं तर दुसरं पुरत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. ही बेटं कुठे नैसर्गिक आहेत? माणसाने बंधारा बांधला म्हणून गाळ साचला. हा मानवनिर्मित प्रकार, मग त्याला अस्पर्श निसर्ग म्हणून पूजण्यात काय अर्थ? याचं उत्तर आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रात आहे. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथे समुद्रातून ज्वालामुखी वर आला आणि एक नवं बेट तयार होऊ लागलं. त्याचं नाव सुर्टसे. १९६७ पर्यंत लाव्हा येत राहिला. आइसलँडने १९६५ मध्येच, म्हणजे बेट अजून धुमसत असताना, ते संरक्षित केलं. मोजके संशोधक सोडून कुणालाही पाय ठेवायला बंदी. राखण्यासारखं तिथे तेव्हा काय होतं? राख आणि काळा खडक. तरीही बंदी घातली, आणि तिथे एकदा टोमॅटोचं रोप उगवलं तेव्हा ते माणसाच्या विष्ठेतून आल्याचं ओळखून उपटूनही टाकलं. पुढे १९७० मध्ये पहिली पाखरं घरटी करू लागली, १९८० च्या दशकात कुरव पक्ष्यांची वसाहत झाली, त्यांच्या विष्ठेच्या खताने खडकावर गवताचे हिरवे पट्टे पसरले. २००८ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतलं. सुर्टसे जुनं नव्हतं, रानही नव्हतं. ते मौल्यवान झालं कारण एका छोट्या देशाने ते मोकळं सोडायचं ठरवलं. बेट कुणी घडवलं, ज्वालामुखीने की बंधाऱ्याने, हा प्रश्न मग दुय्यम ठरतो. मोकळं राहणं ही बेटाला मिळालेली देणगी नव्हे, तो माणसांनी घेतलेला निर्णय असतो, आणि तो निर्णय आपल्या गाळाच्या बेटांबद्दलही घेता येतो.

दुसरा आक्षेप पुराचा. तो गोदाकाठच्या माणसाने घेतला तर त्याला निसर्गद्वेष्टा म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये चांदोरी, सायखेडा पाण्याखाली गेले. घरात चिखल, दुकानांत चिखल, द्राक्षबागांत चिखल. बंधाऱ्यामागचा गाळ काढा, दरवाजे वाढवा, पाण्याला वाट द्या, ही तिथली जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. माझा मुद्दा एवढाच की गाळ काढणं आणि बेटं खरवडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुराचं पाणी वाहतं ते नदीच्या मुख्य पात्रातून. तिथला, बंधाऱ्याच्या तोंडाशी बसलेला गाळ निघाला तर फुगवटा कमी व्हायला मदत होईल. कडेची, संथ पाण्यातली बेटं खरवडून फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही, कारण वरच्या खोऱ्यातून दरवर्षी नवी माती येतच राहणार. एखादं बेट खरोखर प्रवाहाला अडसर ठरतं असं मोजणीतून, जलसंपदा खात्याच्या अभ्यासातून दिसलं, तर ते काढावं. चांदोरीतलं घर बुडत असताना बेट धरून बसणारा युक्तिवाद मी करणार नाही. पण ते ठरवणारा माणूस नदीचा अभ्यास केलेला असावा, मातीच्या ट्रिपा मोजणारा ठेकेदार नसावा. आणि काम विणीचे महिने टाळून व्हावं. पाणी उतरतं ते उन्हाळ्यात, यंत्रं खाली उतरतात तीही उन्हाळ्यात, आणि सुरयाची अंडीही तेव्हाच असतात, ही अडचण खरी आहे. म्हणून तर कुठल्या बेटावर घरटी आहेत ते आधी पाहून, तेवढी बेटं वगळून आखणी करावी लागते. जलसंपदा आणि वन या दोन खात्यांनी फेब्रुवारीत एक बैठक घेतली तर हे जमण्यासारखं आहे.

आवर्तनाचंही तसंच. बंधाऱ्यातली पातळी उन्हाळ्यात कालव्यांच्या आवर्तनांप्रमाणे वर-खाली होते. शेताला पाणी लागतं तेव्हा ते मिळालंच पाहिजे, पाखरांसाठी आवर्तन अडवा असं म्हणणं शेतकऱ्याची थट्टा ठरेल. मात्र पातळी किती चढणार हे आधी माहीत असलं, आणि विणीच्या काळापुरती ती हातभर खाली धरता आली, तर एका हंगामाची पिल्लं वाचू शकतात. सुरय आपलं अंडं पाण्यापासून फार उंच ठेवत नाही. त्याला आवर्तनाचं वेळापत्रक कळत नाही, ते आपल्याला कळतं.

तिसरा आक्षेप पोटाचा. पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळाची जमीन कसदार असते. गाळपेर ही धरणाकाठच्या गरीब कुटुंबांची जुनी सोय आहे. मासेमारी करणाऱ्यांची तर हीच शेती. अभयारण्य म्हटलं की गावकऱ्याच्या मनात पहिल्यांदा बंदी येते, कारण शहरातल्या माणसाने निसर्ग वाचवायचा आणि त्याची किंमत गावातल्या माणसाने मोजायची, असं अनेकदा घडलेलं आहे. तेव्हा मागणी नेमकी आणि छोटी असायला हवी. काठची गाळपेर वेगळी, पाण्याने वेढलेलं बेट वेगळं. काठावर कोणी काकडी, भोपळा लावला म्हणून सुरयाचं बिघडत नाही. बेटावर नांगर, कुत्रं आणि रात्रीचा मुक्काम गेला की बिघडतं. जाळं पाण्यात टाकावं, बेटावर वाळत घालू नये, एवढंच ते अंतर आहे. आणि ज्यांना हे अंतर पाळायला सांगायचं त्यांनाच राखणीचं काम मोबदल्यासह द्यावं. कुठल्या बेटावर कधी अंडी पडतात हे बाहेरच्या पक्षीतज्ज्ञाआधी रोज पहाटे होडी घालणाऱ्याला कळतं. ते ज्ञान सरकारने फुकट गृहीत धरू नये.

पर्यटनाचं काय, असं विचारणारेही भेटतात. रामसरचा शिक्का बसला, रस्ते झाले, मग बेटापर्यंत होडी, बेटावर एखादा मचाण, एखादा झुलता पूल का नको? कारण सोपं आहे: पाहुणा जे बघायला आला ते त्याच्या पोचण्यानेच उडून जाईल. आज काठावरच्या मनोऱ्यावरून, भाड्याच्या दुर्बिणीतून पाणथळ दिसते आणि चापडगावच्या तरुणांना वाटाड्याचं काम मिळतं, ते पाखरं शांत बसतात म्हणूनच. काठावर आणखी मनोरे उभारा, आणखी तरुणांना शिकवा, दुर्बिणी वाढवा, चांगली स्वच्छतागृहं बांधा; खर्च करण्यासारखं काठावर भरपूर आहे. दूरवरून बघण्याला आपण कमी लेखतो, हाताने चाचपल्याशिवाय बघितलंच नाही असं आपल्याला वाटतं. देवळाच्या गाभाऱ्याबाहेर उभं राहून दर्शन घेणाऱ्या समाजाला हे शिकवावं लागू नये.

मात्र माणसावाचून सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे, वेंगुर्ला रॉक्स नावाचा. त्यातल्या एका बेटाच्या गुहेत भारतीय पाकोळ्या स्वतःच्या लाळेपासून घरटी करतात. पूर्व आशियात या घरट्यांचं सूप करतात, त्याला मोठी किंमत येते. तिथे कुणी राहत नाही, कुणी बघत नाही, आणि त्याचाच फायदा घेऊन घरटी खरवडून नेली जात होती. २००१ च्या सुमारास हे उघडकीला आलं. मग वन विभाग आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे राखण सुरू केली. त्या बेटाला वस्ती नको होती, राखणदार हवा होता. नांदूर मध्यमेश्वरलाही तेच लागू पडतं. नाशिकच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी गोदावरीतून वाहत येऊन इथे अडकते, चिखलाच्या उघड्या कडा झाकून टाकते. टिलव्याला चोच मारायला जागा उरत नाही. बेटाला हात लावू नका असं म्हणून ही जलपर्णी जाणार नाही. ती काढावी लागेल, दरवर्षी, हंगाम बघून, आणि वर नाशकात सांडपाण्याची व्यवस्था नीट केल्याशिवाय तर ती संपणारच नाही.

हे सगळं निफाडचं झालं, मालेगावकराला त्याचं काय, असं वाटू शकतं. आपल्याकडे बेटं नाहीत असं नाही, आपण ती मोजलीच नाहीत. गिरणा आणि मोसम यांच्या संगमाजवळ हे गाव वसलं. पावसाळा उलटला की गिरणेच्या पात्रात वाळूची लांबट बेटं वर येत; वर्षातले सहा-सात महिने ती कुणाचीच नसत, म्हणजे टिटवीची, शेकाट्याची, सुरयाची असत. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, खोलात घातली तर कमी, हा ठोकताळा इथल्या कसमादे पट्ट्यातला शेतकरी आजही सांगतो. पण टिटवीला उंच आणि खोल यातून निवडायला आधी वाळू असावी लागते. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी, डंपरने ती उचलली गेली, पात्र खाली गेलं, ठिकठिकाणी नुसता खडक आणि खड्डे उरले. काठच्या विहिरींची पातळी उतरली याची चर्चा होते, होत राहिली पाहिजे. पाखरांचं नुकसान मात्र कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

वाळूचे गट महसूल खातं ठरवतं, जिल्हा पातळीवर त्यांची छाननी होते, ग्रामसभेचं म्हणणंही विचारात घ्यायचं असतं. म्हणजे ठरवण्याची जागा आणि वेळ दोन्ही उपलब्ध आहेत. संगमापासून खाली गिरणा धरणाच्या फुगवट्यापर्यंतच्या पट्ट्यात जिथे अजून वाळू शिल्लक आहे, तिथलं एक बेट पुढच्या लिलावातून वगळावं. मोठं नको, दोन-चार एकरांचं चालेल. फक्त त्याच्या चारी अंगांनी मे महिन्यापर्यंत पाणी टिकणारं हवं. काठच्या गावाने त्याची हद्द ठरवावी, तहसीलदारांनी ती नकाशावर आखून घ्यावी, आणि फेब्रुवारी ते जून तिथे ना ट्रॉली उतरावी ना माणूस.